मेहल आणि सावड

भाजे,
२२ जून २०२५

चि. रेणुकास सरूवहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र रुपालीनं लोणावळ्यातून छापून आणलं. फोनवर तू ‘ऐकू येतंय का’ एवढंच विचारतेस आणि मी ‘काय?’ एवढंच म्हणते, त्यापेक्षा हे बरं चाललंय. मी वहीच्या पानावर लिहायचं, रुपालीनं फोटो काढून पाठवायचा, तूही तिकडं हातानं लिहून फोटो पाठवायचा. मागच्या वेळी प्रत्येक पानावर तिचा अंगठा आला होता म्हणून तू लिहिलंस, ते तिला सांगितलं. ती म्हणाली, दिवसभर चिक्कीचे डबे बांधून हात थरथरतो, आणि अंगठा आला तर आत्याला माझीही आठवण राहील. पोरगी बापावर गेलीय.

तुझे दादा गेल्यापासूनची ही भाताची दुसरी आवणी. यंदा आपल्या तरव्यातली रोपं सगळ्यांच्या आधी लावण्याजोगी होतील असं दिसतं, म्हणून सावड आपल्या खाचरापासून धरायची ठरलीय. मग नंदाबाईकडं, मग अंबूबाईकडं, आणि तशीच पुढं वाडीभर. गुडघा तेवढा रुसलाय. चिखलात रुतला की निघत नाही. डॉक्टर म्हणतात, बसून राहा. आता मी दुसऱ्याच्या खाचरात उतरले नाही तर माझ्या खाचरात कोण उतरणार, हे डॉक्टरांना कुठून माहीत? त्यांचं गाव सातारा.

मागच्या वर्षीची एक गंमत सांगायची राहिली. धबधबे बघायला आलेली पुण्याची मंडळी बांधावर उभी राहून आमचे फोटो काढत होती. नंदाबाई म्हणाली, फोटू काय काढता, उतरा की खाली. एक जण खरंच उतरला. त्यानं एक मूठ रोपं लावली आणि आम्ही पुढं सरकेपर्यंत ती सगळी पाण्यावर तरंगत परत आली. नंदाबाई अजून कुणाचं काम कच्चं झालं की त्याला ‘पुण्याची मूठ’ म्हणते.

तुझ्या वृद्धाश्रमातले म्हातारे-म्हाताऱ्या कशा आहेत? आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी ही कसली नवी भाषा शिकायला निघालीस? काय काय शब्द शिकवतात ते एकदा सविस्तर लिही. मला समजलं नाही तरी वाचायला काय जातं.

तब्येतीला जप. घरची माया आहे तशीच आहे, तिकडच्या थंडीत ती पुरवून वापर.

तुझी,
सरूवहिनी

•

गॉलवे,
४ जुलै २०२५

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र रुपाली तुम्हाला आवणीच्या दिवशी दुपारी देईल, तसं तिला बजावलंय. का, ते शेवटी कळेल. आधी तुम्ही विचारलेलं सांगते.

मंगळवारी संध्याकाळी वाचनालयात आयरिशचा वर्ग असतो. नोराबाई शिकवतात. सत्तरी उलटलीय, पण फळ्यावर लिहिताना खडू मोडतो इतका जोर आहे. मी का शिकते म्हणाल, तर आमच्याकडचे निम्मे आजी-आजोबा आपापसात आयरिश बोलत असतात आणि मी खोलीत गेले की इंग्रजीवर येतात. पाहुणी आल्यावर घरच्यांनी आवरून बसावं तसं. ते मला बरं वाटत नव्हतं.

भाषा वाटली तितकी परकी नाही. ‘माझ्याकडे गाय आहे’ असंच इथंही म्हणतात. गायीला मुठीत धरणारं, इंग्रजीत असतं तसं क्रियापद नाही. वस्तू आपल्यापाशी असते, एवढंच. वर्गातल्या बाकीच्यांना हे जड गेलं. मला चटकन आलं, तेव्हा नोराबाईंनी विचारलं की तुझ्या घरात कुणी आयरिश होतं का. मी म्हटलं, नाही, मावळी होते.

या आठवड्याचा शब्द ‘मेहल’. लिहिताना त्यात ‘ट’ आहे, पण मागे ‘ह’ येऊन बसला की ‘ट’ गप्प होतो, नुसता ‘ह’ ऐकू येतो. शब्द स्त्रीलिंगी. म्हणून आधी ‘अन्’ लागलं की सुरुवातीचा ‘म’ मऊ पडून ‘व’ होतो, ‘अन् वेहल’. आणि ‘मेहलचा दिवस’ म्हणायचं तर शेवट बदलतो, ‘लॉ मेहले’. आपले शब्द शेपटीकडून बदलतात, घर, घरात, घराला. इथले डोक्याकडूनही बदलतात. तुम्ही म्हणाल, लग्नात सुनेचं नाव बदलतात तसं.

अर्थ असा. पूर्वी पीक कापायला जमलेल्या माणसांना मेहल म्हणत. मग गवत कापणं आलं, दलदलीतून जळणाची माती खणून वाळवणं आलं. शेजारपाजारचे जमतात, एकाचं काम उरकतात, मग दुसऱ्याचं. मजुरी नाही. ज्याचं काम त्यानं जेवायला घालायचं, आणि पुढं आपणही त्यांच्याकडे जायचं. शब्द एकवचनी आहे, पण एकट्या माणसाची मेहल होत नाही. आता ऑफिसातल्या कमिटीलाही हाच शब्द लावतात. त्यावर नोराबाई नाक मुरडतात, म्हणतात, बिस्किटं खायला जमलेल्यांना मेहल म्हणत नाहीत. मला हा शब्द इतका आवडला की वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवला.

आता गंमत. तुम्ही हे वाचाल तोवर मजुरांचा टेम्पो येऊन गेलेला असेल. शाळेत माझ्या वर्गात असलेला विठ्ठल आता मजूर पुरवतो. रुपालीनं त्याला दिवस कळवला आणि मजुरीचं मी पाहिलं. एका सकाळीत चारी खाचरं लागतील. तुम्ही बांधावर बसून चहा प्यायचा. आणि मुख्य म्हणजे, कुणाची परतफेड नको. महिनाभर या खाचरातून त्या खाचरात गुडघा ओढत फिरायला नको. दादा असता तर त्यानंही हेच केलं असतं.

रागावू नका. रागावलात तर शाई जरा दाबून लिहा, म्हणजे फोटोत नीट येईल.

तुमची,
रेणुका

•

भाजे,
२० जुलै २०२५

चि. रेणुकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सांगितल्याप्रमाणे दुपारी मिळालं. टेम्पो सकाळी आला होता. माणसं कामाची होती. चारी खाचरं लागली. ओळी सरळ आहेत, आपल्याहून सरळ. सगळ्यांच्या अंगावर एकाच निळ्या रंगाचं प्लास्टिक होतं. लांबून शाळेच्या कवायतीसारखं दिसत होतं.

नंदाबाई, अंबूबाई आणि बाकीच्या उजाडताच आल्या होत्या, दिवस ठरलेलाच होता. टेम्पोतली माणसं तोवर खाचरात उतरलेली. या बायका बांधावर जरा वेळ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, चहा टाकते. त्यांना घरी कामं होती. मी पहाटे सगळ्यांपुरतं पिठलं आणि भाकरी करून ठेवली होती. टेम्पोवाल्यांचे डबे त्यांच्याबरोबर होते. रुपालीनं दुकानात नेलं, तिथल्या मुलींनी आवडीनं खाल्लं.

गुडघा बरा आहे. यंदा कुणाच्या खाचरात जायला लागू नये असं तू म्हणालीस, ते तसंच झालंय. अजून कुणाचं बोलावणं नाही.

तुझा मेहल शब्द वाचला. आपण त्याला सावड म्हणतो. तू आठवीत होतीस तेव्हा भाकरीची पाटी घेऊन बांधावर यायचीस आणि नंदाबाईच्या वाटचा ठेचा वाटेतच संपवायचीस. सावडही स्त्रीलिंगीच आहे.

नोराबाईंना माझा नमस्कार सांग आणि एक गोष्ट विचार. त्यांच्या मेहलमध्ये एखादीला वाकता येईनासं झालं, तर तिला कुठं बसवतात?

बाकी ठीक.

तुझी,
सरूवहिनी

•

लोणावळा,
११ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आई जे लिहीत नाही ते मी लिहिते. हे पान तिला दाखवलेलं नाही. दुकानात गिऱ्हाईक कमी आहे म्हणून काउंटरवरच लिहायला घेतलंय, कागदाला तूप लागलं असेल तर माफ कर.

टेम्पो आला त्यानंतर चार-सहा दिवसांनी नंदाकाकूची आवणी होती. आईला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती पावसाचं इरलं घेऊन गेली. मी सोबत होते, सुट्टी काढली होती. काकू वर न बघताच म्हणाली, सरूबाई, तुमी कशाला आलाव? तुमच्याकडं टेम्पो येतो की. तेचा नंबर देऊन ठेवा, आमाला बी लागंल. सगळ्या हसल्या. आईपण हसली. मग ती परत वळली. अंबूआजीकडे आणि पुढच्या घरी ती गेलीच नाही.

आत्या, कुणी भांडत नाही गं. भांडले असते तर बरं झालं असतं. वाटेत भेटल्या की गोड बोलतात. काय सरूबाई, बरं हाय ना, एवढंच. आधी नंदाकाकू आमच्या ओट्यावर येऊन माझ्या लग्नावरून, माझ्या केसांवरून, माझ्या पगारावरून बोलायची. मला राग यायचा. आता ती ओट्यावरून सरळ पुढं जाते.

मी आईला म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षीही टेम्पो बोलवू. त्यावर ती शांतपणे म्हणाली, पुढच्या वर्षी पड टाकू, एकटीसाठी कुणी भात लावतं का? खाचरं पड टाकायची गोष्ट ती बाबा गेले तेव्हाही बोलली नव्हती. मला भीती वाटली म्हणून लिहितेय.

विठ्ठलमामाला दिवस मीच सांगितला होता. तेव्हा मला वाटलं होतं, आपण किती हुशार.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
रुपाली

•

गॉलवे,
२४ ऑगस्ट २०२५

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

रुपालीनं मला लिहिलंय. तिच्यावर रागावू नका. तुम्हाला कुणाकडे जावं लागू नये एवढंच मी पाहिलं, आणि तुमच्याकडे कुणी येणार नाही असं करून बसले. वहीतल्या वेगळ्या पानावर मेहल लिहिलं आणि त्याच हातानं टेम्पो ठरवला. यापुढचं लिहिता येत नाही, म्हणून नोराबाईंचं उत्तर लिहिते.

तुमचा प्रश्न मी वर्ग सुटल्यावर विचारला. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी शेजारी एक म्हातारी होती, तिची नजर गेली होती. पीक कापायच्या दिवशी तिला शेताच्या कडेला खुर्ची टाकून बसवायचे. ती पेंढ्या बांधायला गवताचे बंद वळायची. त्या कामाला दिसावं लागत नाही. मी विचारलं, तिला मेहलमध्ये मोजायचे का? नोराबाईंना माझा प्रश्नच कळेना. म्हणाल्या, ती आली होती ना?

मग मी टेम्पोची गोष्ट सांगितली. विनोदासारखी सांगायला सुरुवात केली होती. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की त्या बायका घरून निघून आल्या होत्या, त्यांनी त्या दिवसाचं काय केलं? ते मी कुणाला विचारलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला त्यांच्या दलदलीवर नेलं. उन्हाळाभर वाळवलेलं जळण, काळ्या विटांसारखं, ट्रॉलीत भरून घरी आणायचं होतं. दहाबारा माणसं होती. काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, दोघांच्या मधे जागा होती तिथं मी उभी राहिले आणि विटा हातोहात पुढं गेल्या. संध्याकाळी बटाट्याचं कालवण आणि पाव. निघताना मी सगळ्यांचे आभार मानायला लागले, तर एक आजोबा म्हणाले, आभार कसले, पुढच्या शनिवारी आमच्याकडे आहे.

वहिनी, मी नंदाबाईंना फोन करू का? की पत्र लिहू? तुम्ही सांगाल ते करते. खाचरं पड टाकू नका.

तुमची,
रेणुका

•

भाजे,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. रेणुकास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोन केला नाहीस, पत्रही लिहिलं नाहीस, हे चांगलं केलंस. मीच मधे तुला काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. आता आहे.

दिवाळीनंतर कापण्या लागल्या. पहिली नंदाबाईची. बोलावणं नव्हतंच. मी उजाडायच्या सुमारास गेले, विळा घेतला नाही, बसायला पाट तेवढा घेतला. खाचराच्या कडेला मागच्या सालचा पेंढा पडला होता, त्याच्याजवळ बसले आणि भारे बांधायला बंद वळायला लागले. नोराबाईंच्या म्हातारीला दिसत नव्हतं, मला दिसतं, एवढा फायदा. सगळ्यांनी बघितलं. बऱ्याच वेळानं अंबूबाई आली, माझ्यापुढचे बंद उचलून घेऊन गेली. मग दुसरी आली.

दुपारी जेवणं वाढली. तुला माहीत आहे, सावडीला आलेल्यालाच ताट असतं, बघायला आलेल्याला चहा. मी पाटावरून उठले नाही. म्हटलं, चहा आला तर पिऊ आणि घरी जाऊ. नंदाबाई भाकरीची टोपली घेऊन आली, पुढ्यात ताट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, हिला जरा जास्ती वाढा गं, बसून बसून लय दमली टेम्पोवाली! तिकडून कोणीतरी म्हणालं, आमटी कमी वाढा, न्हाईतर आमटीचा बी टेम्पो बोलवंल. मला तर कमी ऐकू येतं, पण हे सगळं नीट ऐकू आलं. ठेचा इतका तिखट होता की डोळ्यांतून पाणी आलं. नंदाबाईनं बघितलं आणि म्हणाली, ठेचा जपून खा, तुझी नणंद खायाला न्हाई आता, समदा तुलाच हाय.

मग अंबूबाईकडं गेले, पुढच्या घरीही गेले. पाट आता खाचरावर माझ्याआधी पोचतो, कुणीतरी घेऊन गेलेलं असतं.

परवा आपली कापणी झाली. टेम्पोनं लावलेलं पीक उत्तम आलंय, त्यात खोट काढायला जागा नाही. नंदाबाईनं काढली तरी. म्हणाली, ओळी अशा सरळ आहेत की कापताना झोप येते. पिठलं या वेळी दुकानात न्यायला उरलं नाही.

भाताची झोडणी संपल्यावर नंदाबाई ओट्यावर बसली, रुपालीच्या केसांवरून आणि पगारावरून बोलून झालं, मग तुझ्यावर आली. म्हणाली, तुझ्या नणंदंनं आमचा येक दिस मोडला. भल्या पहाटं उठून आलो ते बांधावरनं माघारी गेलो. तुझं काय न्हाई, तू बंद वळून फेडलंस. पण त्यो दिस तिच्याकडं हाय. तो फोनवर फिटायचा न्हाई आणि विठ्ठलला सांगून बी न्हाई. तिला म्हणावं, येत्या आवणीला माज्या खाचरात उतर. मी म्हटलं, ती नर्स आहे, परदेशात आहे, रजा मिळायला हवी. त्यावर म्हणाली, मग मागंल की. पुण्याची मूठ लावली तरी चालंल.

तुला यायला जमणार नसेल तर तसं लिही, मी तिला सांगेन. पण तिनं मागितलं आहे, हे तुझ्या कानावर घालावं असं वाटलं. न मागता सोडून दिलं असतं तर मला काळजी वाटली असती.

रुपाली शेजारी बसून वाचतेय आणि अंगठा मुद्दाम मधे धरतेय.

इकडची ओढ आहेच, ती सुकू देऊ नकोस.

तुझी,
सरूवहिनी

•

गॉलवे,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नोराबाईंना वाचून दाखवलं. टेम्पोच्या आमटीला त्या या वेळी हसल्या. त्या म्हणाल्या, आयरिशमध्ये देणं असं सांगतात: नंदाबाईंकडे एक दिवस आहे, तुझ्यावर. ज्याचं येणं असतं त्याच्याकडे ती वस्तू असते, आणि ज्याचं देणं त्याच्यावर. नंदाबाई म्हणतात तो दिवस माझ्याकडे आहे, इथले म्हणतील तो त्यांच्याकडे आहे आणि माझ्यावर आहे. मला दोन्ही मान्य आहे.

इथं पुढच्या वर्षीची रजा आत्ताच मागून ठेवावी लागते. मोठ्या बाईंनी विचारलं, जुलैची कोणती तारीख? मी म्हटलं, आमच्याकडे भाताची रोपं वीतभर झाल्यावर ठरतं, आणि ते नंदाबाई ठरवतात. त्यांनी अख्ख्या जुलैपुढे माझं नाव लिहून ठेवलं. तिकीट मी काढलेलं नाही. नंदाबाईंची आवणी कधी धरायची हे ठरलं की रुपालीला कळवायला सांगा, मग काढते.

इरलं घरात दादाचं असेल, ते मला ठेवा. नवं आणू नका.

पत्राच्या शेवटी माया मागायची असते. या वेळी मी ती मागत नाही, तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे एक दिवस मागितलाय, तेवढ्यावर माझं वर्षभर भागेल. नंदाबाईंना एवढा निरोप द्या, की मला अजून वाकता येतं.

तुमची,
रेणुका